तजुर्ब्याचा रकाना

दुसऱ्यांचे अर्ज भरून देणे हा शिक्षकाचा बिनपगारी जोडधंदा आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हे जास्तच खरे. दहिवलीत आमच्याकडे रेशनकार्डातले नाव दुरुस्त करायचे असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, हजचा फॉर्म असो की पासपोर्टचा, माणसे मगरीबनंतर कागदांची पिशवी घेऊन दारात येतात. बी.एड.ला अध्यापनाच्या पद्धती शिकवल्या गेल्या. छापील रकान्यात जिवंत माणूस कसा बसवायचा, हे मात्र मोहल्ल्यानेच शिकवले.

२०२३ साली माझ्यापुढे जो अर्ज आला तो वेगळाच होता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा होता. तिला बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश हवा होता. वय वर्षे चाळीस. धंद्याला चौदा वर्षे झालेली. घरात ही बातमी फुटली तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "जो धंदा ती करतेच आहे, तो शिकायला शाळेत कशाला जायचं?" हा प्रश्न वरवर भोळा वाटतो. पण पुढे दोन वर्षे आम्ही याच प्रश्नाचे उत्तर शोधत होतो, आणि मुंबईतल्या मुलाखतीत साहेबांनीही तिला अगदी हेच विचारले.

आपाचा धंदा म्हणजे देगेचा. २००९ मध्ये दुल्हाभाईंचा इंतकाल झाला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि पदरात दोन वर्षांची मुलगी होती. इद्दत संपल्यावर तिने शेजारच्या एका अकिक्याच्या जेवणाला मदत केली. बिर्याणी चांगली झाली, म्हणून दुसऱ्याने बोलावले. मग तिसऱ्याने. कर्जत परिसरात मुंबईकरांचे फार्महाऊस वाढत गेले तशी शनिवार-रविवारची मागणी वाढली. तांदळाच्या भाकऱ्या, सुके मटण, दालचा, सांदण, शीरखुर्मा. बिर्याणीला बासमती, पण भाकरीला आपल्या इथलाच तांदूळ. त्यात ती तडजोड करत नाही. आज तिच्या हाताखाली अकरा बायका आहेत. काही आमच्या मोहल्ल्यातल्या, काही शेजारच्या पाड्यांवरच्या. दहा किलो तांदळाची देग किती माणसांना पुरेल, जून महिन्यात लाकूड ओले असताना दम किती वेळ द्यायचा, लग्नाला चारशे सांगितले म्हणजे खरे किती येतात, हे सगळे तिच्या डोक्यात असते. हिशोबाची वही उर्दूत. तिच्यात उधारी आणि वसुली आहे, पण नफ्याचा रकाना नाही. नफ्याला तिचा शब्द होता 'बरकत'. महिनाअखेर गल्ल्यात काही उरले तर बरकत झाली, नाही उरले तर अल्लाहची मर्जी.

हे असेच चालले असते. पण २०२२ च्या पावसाळ्यानंतर एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने तिला बोलावले. त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी रोज चाळीस जेवणे हवी होती, बाराही महिने. एका जेवणाचे दीडशे रुपये. पैसे मात्र बिल दिल्यावर साठ दिवसांनी. घरातले सगळे हरखले. रोजचे सहा हजार म्हणजे थट्टा नाही! आपा दोन रात्री झोपली नाही आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हणून आली. भाईजान चिडले. "का नाही म्हणालीस ते तरी सांग," असे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तिला सांगता येईना. नंतर मला म्हणाली, "मन नको म्हणत होतं. पण मन का नको म्हणतं, हे समोरच्याला पटवता येत नाही. शिकलेली माणसं कागदावर दाखवतात. मला ते शिकायचंय." तिच्या अर्जाची सुरुवात इथे आहे. पुढे आम्ही इंग्रजीत कितीही वाक्ये रचली, तरी एवढे खरे एकही जमले नाही.

आता तिच्यासारखीने अर्ज करायचा कुठे? हे शोधताना मलाच बरेच काही कळले. वाचकांपैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून इथे लिहिते. व्यवस्थापनाची पदवी म्हटली की आपल्याकडे पहिले नाव आयआयएमचे निघते. अहमदाबाद आणि कोलकाता येथील संस्था १९६१ मधल्या. आपल्या राज्यात नागपूरची २०१५ मध्ये आली, आणि मुंबईच्या पवईतली 'नीटी' ही जुनी संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 'कॅट' द्यावी लागते. पदवीला साधारण ५० टक्के गुण असले की परीक्षेला बसता येते. नोकरी-धंद्याच्या अनुभवाची अट नाही. म्हणजे बावीस वर्षांचा पोरगा आणि चौदा वर्षे देग उतरवलेली बाई एकाच बाकावर. अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. अहमदाबादला तसा २००६ मध्ये सुरू झाला. हैदराबादची आयएसबी ही संस्था २००१ ची. तिचा मुख्य अभ्यासक्रमही एका वर्षाचा आहे. अशा ठिकाणी बहुधा 'जीमॅट'चे गुण लागतात. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून आहे. राज्यातल्या एमबीए प्रवेशासाठी सरकारी सीईटी आहे. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेसारख्या ठिकाणी घरचा व्यवसाय सांभाळणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम चालतो. आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ तर आपल्यासारख्यांचेच. आपाने तिथूनच २०१७ मध्ये बी.ए. केले. सकाळी ऑर्डर, दुपारी पुस्तक.

आपाला दोन वर्षे घर सोडून जाणे शक्य नव्हते. तिला हवा होता नोकरदारांसाठीचा, शनिवार-रविवार किंवा संध्याकाळी चालणारा वर्ग, कर्जत लोकलने जाऊन-येऊन करता येईल असा. मुंबईतल्या दोन संस्था आम्ही निवडल्या. दोन्हीकडे अनुभवाची अट होती: पदवीनंतर किमान तीन वर्षे. आम्हाला हसू आले. तीन वर्षे? अहो, चौदा घ्या!

हसू टिकले अर्ज उघडेपर्यंत. अनुभवाच्या रकान्यात पहिली ओळ 'नियोक्त्याचे नाव'. दुसरी 'हुद्दा'. तिसरी 'वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव'. सोबत जोडायचे ते नियुक्तीपत्र, पगाराची पावती आणि अनुभवाचा दाखला. आपा म्हणाली, "नियोक्ता अल्लाह लिही." मी म्हटले, "आपा, त्याचा सही-शिक्का कुठून आणायचा?"

आमच्या ओळखीच्या सीएने तोडगा काढला. मालक तूच आहेस, तर दाखलाही तूच दे. तिने दिला. 'दाखला देण्यात येतो की सदर महिला आमच्याकडे २००९ पासून काम करीत आहेत आणि त्यांचे वर्तन समाधानकारक आहे.' खाली सही तिचीच. वर नाव तिचेच. खिडकीवरच्या माणसाने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही." त्याचेही खोटे नव्हते. नियम नोकरी करणाऱ्यांसाठी लिहिलेला होता. महिनाभराने पत्र आले की अनुभवाचा पुरावा अपुरा असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.

त्या पत्राने आपा जेवढी दुखावली तेवढी मी तिला क्वचित पाहिली आहे. नापास केले असते तर चालले असते, ती म्हणाली, पण चौदा वर्षे झालीच नाहीत असे कसे म्हणतात?

इथे मला आपल्या समाजाचा विचार केल्याशिवाय राहवत नाही. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत. मला त्या शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. एक अशी, की मुसलमान कामगारांमध्ये स्वतःच्या बळावर धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. शिवणकाम, गॅरेज, बेकरी, हातगाडी, भंगार, मटणाचे दुकान, फळांची पाटी. दुसरी अशी, की त्या वेळी देशातल्या सगळ्या आयआयएममध्ये मिळून ४,७४३ विद्यार्थी होते आणि त्यांत मुसलमान ६३. धंद्याची शाळा आणि धंद्यावर जगणारा समाज यांची गाठच पडत नव्हती. याची कारणे अनेक आहेत. गरिबी आहे, शाळेतली गळती आहे, इंग्रजीची भीती आहे. त्यांत एक बारीकसे कारण मी माझ्याकडून घालते: आपला तजुर्बा कागदावर नसतो. मोहल्ल्यातला पंचवीस वर्षांचा मेकॅनिक आयुष्यात कुणाचा नोकर नव्हता, म्हणून त्याच्याकडे अनुभवाचा दाखला नाही. पाहिजे तर याला अभिमानाची गोष्ट म्हणा, पण रकाना तर रिकामाच राहतो.

हे दुःख फक्त आपले नाही, हे मला माणदेशाच्या गोष्टीने शिकवले. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज गेला तो नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. निरक्षर बायकांच्या बँकेला परवाना कसा द्यायचा? चेतनाताई खचल्या. बायका खचल्या नाहीत. आम्ही शिकतो म्हणाल्या, आणि शिकल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि त्यांनी सांगितले, आम्हाला कुठल्याही मुदलावरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ मध्ये याच संस्थेने ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल काढले. बसमध्ये वर्ग भरवून गावोगाव नेले. आधीपासून धंदा करणाऱ्या बायकांसाठीच्या त्यांच्या एका अभ्यासक्रमाचे नावच 'देशी एमबीए' आहे. जानेवारी २०१८ मध्ये चेतनाताई दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या. ही गोष्ट मी आपाला सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले, "त्या बायका दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हा किती वाजताची एसटी पकडली असेल?" दुसऱ्यांदा जायचे तिने तेव्हाच ठरवले, असे मला वाटते.

घाटापलीकडचीही एक गोष्ट आहे. कर्जतला गाडीला मागून इंजिने जोडतात, गाडी बोरघाट चढते, आणि वर मावळ लागतो. मुंबईचे बरेचसे डबेवाले याच मावळातले आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांतले. त्यांचे काम १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केले असे सांगतात. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने या डबेवाल्यांवर अभ्यासासाठी एक प्रकरण लिहिले, आणि आता जगभरची मुले ते वाचतात. त्यांच्या प्रतिनिधींना मोठमोठ्या संस्था व्याख्यानाला बोलावतात. चांगलेच आहे. पण माझ्या मनात येते, यांतल्याच एखाद्या डबेवाल्याने उद्या विद्यार्थी म्हणून अर्ज केला, तर अनुभवाच्या रकान्यात तो काय लिहील? फळ्यासमोर उभे राहायला त्याच्या अनुभवाला दाखला लागत नाही. बाकावर बसायला लागतो.

२०२४ मध्ये दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करायचा ठरला आणि आम्ही तयारीला लागलो. आधी कागद. आमच्या सीएने सांगितले, दाखला नसेल तर खुणा गोळा करा. आपाने २०१८ पासून आयकराची विवरणपत्रे भरली होती, ती काढली. अन्नपदार्थांची नोंदणी. २०२१ चे उद्यम प्रमाणपत्र. बँकेच्या पासबुकाच्या सगळ्या पानांच्या नकला. जुन्या ऑर्डरींच्या पावत्या, लग्नपत्रिकांच्या मागे लिहिलेले माणसांचे आकडे. आणि या सगळ्यावर सीएचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र. स्वतंत्र धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझे हात जोडून सांगणे आहे: शिकायचे असो वा नसो, हे कागद आजपासून सांभाळा. कागद नसलेली वर्षे कुणी मोजत नाही.

मग शिफारसपत्रे. दोन लागत होती. 'वरिष्ठांकडून' असे छापले होते, पण विचारल्यावर संस्थेने सांगितले की कामाच्या संबंधातून ओळखणारी कुणीही व्यक्ती चालेल. एक सीएंनी दिले. दुसरे कर्जतच्या बाजारपेठेतल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांनी. शेठ म्हणाले, "मला इंग्रजी येत नाही." आपा म्हणाली, "मराठीत द्या, बहीण भाषांतर करील." त्यांनी दुकानाच्या बिलाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या. '२०११ पासून माझ्याकडून माल नेतात. उधारीची तारीख चुकत नाही. लॉकडाऊनमध्ये मी पैसे मागितले नव्हते, त्यांनी आणून दिले. यापेक्षा जास्त मला माहीत नाही.' मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले. एक विशेषण घातले नाही.

खरी कसोटी निबंधांची होती. एक प्रश्न होता, अपयशाचा प्रसंग सांगा. दुसरा, घेतलेला एक अवघड निर्णय आणि त्याची कारणे. तिसरा, आत्ताच का शिकायचे? आपा उर्दूत बोलायची, मी मराठीत टिपायची, तिची मुलगी इंग्रजीत टाइप करायची. तीन भाषांच्या चाळणीतून वाक्य जाताना त्यातला भुसा आपोआप गळतो. 'मी फार कष्टाळू आहे' हे वाक्य भाचीने खोडले. म्हणाली, "खाला, हे सगळेच लिहितात. अम्मीने कष्ट केले ते आकड्यांत लिहू या."

अपयशाच्या प्रश्नावर आपा लॉकडाऊनचे बोलली. २४ मार्च २०२० च्या रात्री घोषणा झाली तेव्हा तिच्याकडे सात लग्नांची आगाऊ रक्कम जमा होती, आणि त्यातली निम्मी भांडी अन् शेगड्यांत गेली होती. महिन्याभराने रमजान लागला. मशिदी बंद, लग्ने रद्द. तिने दोन बांगड्या विकून सातही घरांचे पैसे परत केले आणि मग डब्यांचे काम सुरू केले. हे सगळे बोलून झाल्यावर तिने विचारले, "यात अपयश कुठलं लिहायचं? पैसे तर परत केले." भाची म्हणाली, "आगाऊ आलेला पैसा आपला नसतो, तो तू खर्च केलास. ते." आपा गप्प झाली. मग म्हणाली, "लिही. खरं आहे."

दुसऱ्या निबंधासाठी तिने रिसॉर्टचा नकार निवडला. आम्ही तिघी जमिनीवर कागद पसरून बसलो. एका जेवणाचा खर्च तिने बारकाईने काढला: तांदूळ, तेल, मटण आठवड्यातून दोनदा, गॅस, बायकांची मजुरी, टेम्पोचे भाडे. ११० रुपये आले. म्हणजे जेवणामागे ४० रुपये सुटणार, चाळीस जेवणांचे दिवसाला १,६००. भाईजान म्हणत होते ते बरोबर होते, नफा होता. पण पैसे साठ दिवसांनी येणार. तोपर्यंत रोजचे ४,४०० रुपये तिने घालायचे. साठ दिवसांचे होतात २,६४,०००. एवढी रक्कम ते काम चालू असेपर्यंत कायम अडकून पडणार. अडकलेला पैसा म्हणजे १६५ दिवसांचा नफा. साडेपाच महिने काम करून ती फक्त स्वतःच अडकवलेल्या पैशाइतके कमावणार होती. आणि एवढी रक्कम तिच्याकडे नव्हतीच. शेठकडे उधारी वाढली असती, आणि तारीख चुकत नाही म्हणून जे नाव होते ते गेले असते.

आपा कागदाकडे कितीतरी वेळ पाहत होती. ती व्याज घेत नाही आणि देत नाही. फी भरायची वेळ आली तेव्हाही तिने कर्ज काढले नाही, भिशी लावली. त्यामुळे उधारीवर व्याज नसले की ती फुकट, अशीच तिची समजूत होती. मुदतीलाही किंमत असते, हे तिच्या मनाला २०२२ मध्ये जाणवले होते. आकडा आत्ता दिसला. मग तिने भाचीला विचारले, "पंधरा दिवसांची मुदत असती तर?" ६६,००० आले. तेवढे तिच्याकडे होते. "म्हणजे मी नाही म्हणायच्या ऐवजी पंधरा दिवस म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. आत्ताच का शिकायचे, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही हेच लिहिले. मनाने तिला 'नाही'पर्यंत नेले होते. 'पंधरा दिवस' म्हणायला हिशोब लागतो.

घरची बाजू सोपी नव्हती. अब्बांना रात्रीच्या लोकलची काळजी होती. नातेवाइकांत कुजबुज झाली की मुलीच्या लग्नाचे पाहायचे सोडून आई कॉलेजला चालली. फीच्या रकमेत स्वयंपाकघराची पक्की शेड झाली असती, हे भाईजानांचे म्हणणे, आणि ते चुकीचे नव्हते. आपाने वाद घातला नाही. एकदाच म्हणाली की हजरत खदीजा मक्केच्या व्यापारी होत्या, त्यांचे काफिले शामपर्यंत जायचे, आणि निकाहच्या आधी आपले पैगंबर (स.) त्यांचाच माल घेऊन गेले होते. हिशोब चोख होता म्हणून भरवसा बसला. अब्बा त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी लोकलचे वेळापत्रक स्वतः लिहून त्यांनी भिंतीला लावले.

आणखी एक उदाहरण मी घरात दिले. अझीम प्रेमजी १९६६ मध्ये वडिलांच्या निधनामुळे स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून परतले, तेव्हा एकवीस वर्षांचे होते. कंपनी आपल्या खानदेशातल्या अमळनेरची, १९४५ ची, वनस्पती तूप काढणारी. तिचेच पुढे विप्रो झाले. आणि एवढे सगळे उभारल्यावर कित्येक वर्षांनी त्यांनी ती राहिलेली पदवी पूर्ण केली. कुणाला दाखवण्याची त्यांना काय गरज होती? अम्मीच्या प्रश्नाला मी दिलेले हे उत्तर तिला पटले की नाही, ठाऊक नाही. तिने फक्त विचारले, "अमळनेरचा आहे का तो? बरं."

मुलाखतीला मी सोबत गेले आणि बाहेर बसले. आपाने नंतर सांगितले ते असे. समोर तिघे होते. पहिल्याने विचारले, धंदा येतोच आहे तर इथे कशाला? तिने साठ दिवस आणि पंधरा दिवस सांगितले. दुसऱ्याने विचारले, पदवीनंतर नोकरी कुठे करणार? ती म्हणाली, "नोकरी करणार नाही, देणार. अकरा आहेत, वीस करायच्यात." तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारले, एखादी कामवाली बाई आजारी पडली आणि दुसऱ्या दिवशी तीनशेची ऑर्डर असेल तर काय करता? आपा म्हणाली, "आधी तिच्या घरी जाते. नाही तर पुढच्या वेळी बाकीच्या येत नाहीत." बाईंनी हे लिहून घेतले.

प्रवेश मिळाला. आता तिचे दुसरे वर्ष चालू आहे. शनिवारच्या ऑर्डरी दोन जुन्या बायका सांभाळतात. आपाच्या मते, हाच आतापर्यंतचा सर्वांत मोठा धडा, की आपण नसलो तरी देग उतरते. वर्गातली मुले तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. इंग्रजी तिला अजून जड जाते. व्याख्यान फोनवर टिपते आणि येताना गाडीत पुन्हा ऐकते. सगळेच शिकवलेले तिला पटत नाही. ग्राहकाची निष्ठा मोजण्याच्या एका पद्धतीबद्दल ती म्हणाली, "ते मोजतात, आपण ओळखतो. दोन्ही लागतं." पहिल्या वर्षी एका विषयात ती कशीबशी पास झाली. उर्दू वहीत तिने नवा रकाना पाडला आहे. त्यावर 'बरकत' नाही लिहिले, 'मुनाफा' लिहिले आहे. बरकत वेगळी असते, म्हणते, ती रकान्यात मावत नाही.

या सगळ्याचा माझ्या वर्गावर एक परिणाम झाला. शाळेच्या नोंदींत पालकांचा व्यवसाय लिहितात. वडिलांपुढे रिक्षा, मजुरी, दुकान असे काहीतरी असते. आईपुढे जवळजवळ सगळीकडे 'घरकाम'. गेल्या वर्षी सहावीच्या मुलींना मी नफा-तोट्याच्या धड्याआधी एक गृहपाठ दिला: घरी आईला विचारा, गेल्या महिन्यात तुझ्या हातून किती पैसे घरात आले आणि ते कशाचे? दुसऱ्या दिवशी चौतीस मुलींपैकी सत्तावीस जणींनी काही ना काही लिहून आणले. कुणाची आई फॉल-पिको करते, कुणाची पापड लाटते, कुणाची ट्यूशन घेते, एकीची कोंबड्या पाळते. तिघींच्या आया आपाकडेच कामाला आहेत, हे मला तेव्हा कळले. एका मुलीने खाली लिहिले होते, 'अम्मी म्हणाली हे कुणी विचारलेच नव्हते.'

ती वही मी ठेवली आहे. उद्या त्यांच्यापैकी कुणी कागदांची पिशवी घेऊन आली तर निदान एका वर्षाचा पुरावा माझ्याकडे असेल. धड्यातली उदाहरणे आम्ही त्या वहीतल्या आकड्यांवर सोडवली. पापडवालीला मजुरी धरल्यावर तोटा निघाला. मुलीने घरी जाऊन ते सांगितले आणि तिच्या आईने दर वाढवला.